गायकाच्या पोटातला साप

लोकरीच्या जुन्या गोदामामागे नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक पांढरा तंबू उभा होता आणि त्याच्याभोवती किर्गिझ डोंगरातलं निम्मं आक-जार गाव गोळा झालं होतं. घोडे कुंपणाला बांधलेले, जुन्या गाड्यांची टपं उन्हात तापलेली, आणि आजारी माणूस घेऊन आलेल्या प्रत्येक घरानं दोरीला धरून आणलेला एकेक काळा मेंढा. मेंढे ओरडत होते, माणसं कुजबुजत होती, आणि तंबूच्या आत कुणीतरी भडाभडा ओकत होतं.

"आला, आला!" पुढची एक बाई फटीतून डोकावत किंचाळली. "शेपूट दिसलं!"

पडदा सरला. आधी जुनिपरच्या पाल्याचा धूर बाहेर आला आणि मग धुरातून कुदायबेर्गेन ताबीब, लोकांचा गावठी वैद्य. अंगात टाचेपर्यंतचा झगा, त्याच्या बाह्या अशा ऐसपैस की एकेकीत कोंबडीनं सुखानं अंडी उबवावीत. हातात लोखंडी चिमटा. चिमट्यात काहीतरी काळं, ओलं, वीतभर लांब. आणि ते वळवळत होतं.

"तोंडं झाका!" ताबीब गरजला. "ज्याचं तोंड उघडं, त्याचं पोट ह्याचं घर! मागे सरा! फोन बंद! फोनच्या लाटांनी हा पिसाळतो!"

पटापट हात तोंडांवर गेले. ताबीबानं चिमटा हवेत गरगर फिरवला आणि पेटत्या गोवऱ्यांवर झटकला. चर्रर्र आवाज झाला, मांस जळाल्याचा वास सुटला.

"संपला! मी काही केलं नाही हं. मी कोण? हात माझे, काम माझ्या सात पिढ्यांच्या बापांचं!"

मागे आपल्या जुनाट निवा गाडीला टेकून उभ्या असलेल्या सैराकानच्या मनात आलं, सात बापांपैकी एकानं तरी पोराला बाह्या आखूड शिवायला शिकवायचं. सैराकान गावची जनावरांची डॉक्टर. तोंडावर हात न ठेवलेली तिथं ती एकटीच. पण तिला हसूही फुटेना, कारण धुरातून डोळे पुसत, हनुवटीवरची लाळ बाहीला टिपत जो माणूस बाहेर आला तो तिचा नवरा होता.

"सैरा," एसेनगुल तिच्या गळ्यात पडला, "निघाला गं! हनुवटीवरून घसरताना मला कळला. गार होता, बुळबुळीत!"

एसेनगुल अकिन होता. कोमुझच्या तारा छेडत समोरच्यावर तिथल्या तिथे कवन रचून फेकायचं, समोरच्यानं तसंच परत फेकायचं, आणि हजारभर माणसांनी टाळ्यांनी निकाल लावायचा, अशा सवाल-जवाबांचा तो शाहीर. त्याच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. त्याच्या आतड्यांना धीर नाही हे फक्त बायकोला.

सामना जवळ आला की पोटात पीळ पडायला सुरुवात व्हायची. बेंबीभोवती कुणी ओला टॉवेल पिळावा तसा. मग पोट फुगायचं, मग धावपळ. मागच्या खेपेला तलासच्या एका तरुण पोरीशी सवाल-जवाब चालू असताना तो कोमुझ ठेवून मंचावरून पळाला, आणि परत येईपर्यंत तिनं त्याच्या पळण्यावरच कडवं रचून सामना खिशात घातला होता. ते कडवं अजून लग्नांमधून गायलं जायचं. तेव्हापासून तर सामन्याची पत्रिका नुसती दाराशी आली तरी एसेनगुलचं पोट ती त्याच्या आधी वाचायचं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात सगळं झालं होतं. रक्त, शौच, तोंडातून नळी घालून पोटाच्या आतलं चित्र. शेवटी तिथले म्हातारे डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही."

"मग हे जे होतंय ते कुणाला होतंय?" एसेनगुलनं विचारलं. त्यावर डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

कुदायबेर्गेननं हाक मारली नाही. त्यानं एसेनगुलला बाजूला बसवलं, त्याचा हात हातात घेतला, संपूर्ण कहाणी ऐकली आणि मान हलवून म्हणाला, "उन्हाळी कुरणावर गवतात तोंड उघडं टाकून झोपला होतास ना कधी?" आता किर्गिझ माणूस उन्हाळी कुरणावर गवतात तोंड उघडं टाकून झोपलेला नाही असं होईल कसं? "तेव्हाच शिरला. लहान होता. तू भरपूर मांस खाल्लंस, तो मोठा झाला. तू गायला लागलास की त्याची झोपमोड होते."

एसेनगुलला हे इतकं पटलं, की साप त्याला आतून दुजोरा देतो आहे असंच वाटलं.

आणि खरी गंमत पुढे. साप निघाल्यावर एसेनगुल बरा झाला. खरोखर बरा झाला. चरबीचं मांस खाऊ लागला, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे वाडगे रिचवू लागला, दुपारी घोरू लागला. गाल भरले. सैराकानशी भांडतानाही यमकं जुळवू लागला.

साप निघाला त्याच संध्याकाळी आनंदाप्रीत्यर्थ घरी जेवण झालं होतं. ताबीबाच्या नियमाप्रमाणे साप काढायच्या आधी आणलेला मेंढा तंबूमागे कापला जायचा. "मेंढ्याचा जीव गेल्याशिवाय सापाला वाट मोकळी होत नाही," असं तो सांगे. हे कापण्याचं काम त्याचा मेव्हणा सापारबाय करायचा आणि नंतर सगळं मांस, आतडी-कोथळ्यासकट, बिनतक्रार परत द्यायचा. प्रामाणिक माणसं, असं लोक म्हणत.

सैराकान आतडी धुवायला बसली. कोथळ्याच्या पट्ट्यांवर आतडं गुंडाळत वेणी घालायची आणि ती शिजवायची, या जोर्गोमवर एसेनगुलचा जीव. आतडं हातातून सरकवत सरकवत ती टोकाला आली आणि थांबली. वेणी अपुरी राहिली होती. टोक फाटलेलं नव्हतं, धारदार सुरीनं सरळ कापलेलं होतं.

पलीकडे बोर्सोकच्या छोट्या पुऱ्या तळत बसलेल्या शेजारच्या उपोल आपांना ती म्हणाली, "आपा, आमच्या मेंढ्याचं आतडं आखूड कसं?"

"अगं, ताबीबाकडून आलेल्या मेंढ्यांचं असंच असतं," उपोल आपा कढईतून मान न काढता म्हणाल्या. "माझ्या जावेकडेही पुरलं नाही. देवाला दिलेलं जनावर, थोडं आक्रसत असेल."

सैराकाननं आयुष्यात हजारो मेंढ्या आतून पाहिल्या होत्या. देवाला दिल्यानं आक्रसलेली एकही नव्हती. ताजं आतडं, अजून गरम, शरीरातून काढल्यावरही काही वेळ आपलं आपण वळवळत राहतं, हे तिला माहीत होतं. गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पण ताबीबाच्या चिमट्यात कुणी आतडं शोधत नव्हतं. सगळे साप शोधत होते, म्हणून साप दिसत होता.

तिनं अपुरी वेणी तशीच पातेल्यात सोडली. बाहेर अंगणात एसेनगुल पोट धरून हसत होता. कित्येक दिवसांत त्यानं पोट धरलं होतं ते फक्त दुखतं म्हणून. असू दे, तिला वाटलं. एका आतड्याच्या तुकड्यानं माझा नवरा जेवायला लागला असेल तर जाऊ दे तो तुकडा.

पण अकिनाला सुख झालं की तो गप्प बसत नाही. एसेनगुलनं कवन रचलं, "सात बापांचा हात पाठीशी, साप पळाला शेपटीनिशी." कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि आठवड्याभरात ते दऱ्या ओलांडून गेलं. आता गोदामामागे निम्मं गाव नव्हे, निम्मा नारीन जिल्हा उभा राहू लागला. काळ्या मेंढ्यांचा दुष्काळ पडला. एकानं पांढरा मेंढा काजळी फासून आणल्याचंही बोललं गेलं.

त्या गर्दीत एके दिवशी उपोल आपांचे यजमान बेक्तुर आके जाऊन बसले. आयुष्यभर घाटातून मालट्रक हाकलेला दणकट म्हातारा. पोटात जळजळ, शौच डांबरासारखी काळी. दवाखान्यानं गोळ्या दिल्या होत्या, नळी घालायला बोलावलं होतं. आकेंनी गोळ्या कोंबड्यांच्या खुराड्यावरून फेकल्या.

"नळी कशाला?" ते सैराकानला म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला नळीनं काय दिलं? एका सकाळीत बरा झाला तो. गाण्यातच म्हणतो ना!"

"आके, काळी शौच म्हणजे आत रक्त आहे. चला, मी सोडते गाडीनं."

"तू मेंढ्यांची डॉक्टर, पोरी," आके हसले. "मी अजून चार पायांवर आलेलो नाही."

मग दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. एक म्हणजे शरदातल्या मोठ्या सामन्याची पत्रिका आली, आणि एसेनगुलनं ती उघडायच्या आत पोट धरलं. तोच पीळ, तीच धावपळ. तो पांढराफटक पडून ताबीबाकडे गेला. कुदायबेर्गेननं त्याच्या बेंबीला कान लावला आणि उसासा टाकला.

"मादी होती रे ती. अंडी घालून गेली. आता पिल्लं फुटलीत. मोठा विधी लागेल. मेंढा आण, चांगला धष्टपुष्ट."

दुसरी म्हणजे बेक्तुर आके अंगणात घोड्याला पाणी पाजता पाजता कोसळले. उपोल आपांच्या किंकाळीनं सैराकान धावली. म्हाताऱ्याचे ओठ पांढरे, अंग थंड, आणि ओकारीत रक्त. तिनं आणि एसेनगुलनं त्यांना निवाच्या मागच्या सीटवर घातलं. जिल्ह्याच्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला उपोल आपा नवऱ्याचं डोकं मांडीवर दाबून धरत होत्या आणि एसेनगुल समोर बघत एकच वाक्य पुटपुटत होता, "माझं गाणं ऐकून ताबीबाकडे गेले ते."

सैराकान गाडी हाकत होती. ती जोर्गोमची अपुरी वेणी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आके वाचले. पोटाच्या अस्तराला जखम झाली होती आणि ती वाहत होती. जखम बंद केली, रक्त चढवलं. हे सगळं केलं ते पोटविकारांच्या नव्या डॉक्टर कानशायिम यांनी. बाहेर बाकावर एसेनगुल गुडघे पोटाशी घेऊन बसलेला त्यांना दिसला.

"तुम्हाला काय होतंय?"

"मला काही झालेलं नाही," तो कडवटपणे म्हणाला. "तुमच्याच दवाखान्यानं सांगितलंय."

डॉक्टरीण त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. "कधी दुखतं? दुखतं तेव्हा काय चालू असतं?" हे त्याला आजवर कुठल्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलं. तलासच्या पोरीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत.

"हे बघा अकिन, आतड्यांच्या भिंतींत मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. ते बरंचसं काम स्वतःच्या मर्जीनंच करतं. आणि तिथून मेंदूपर्यंत तारा गेलेल्या असतात. टेलिफोन समजा. डोकं घाबरलं की खाली फोन जातो. आतडी आवळतात, घाई करतात, साध्या वायूचंही त्यांना दुखणं वाटतं. मग खालून वर उलटा फोन येतो, 'इथं काहीतरी बिघडलंय!' डोकं आणखी घाबरतं. नळीत दिसेल अशी जखम नाही, पण दुखणं शंभर टक्के खरं आहे."

"म्हणजे साप नाही?"

"नाही."

"मग तो काढल्यावर मी बरा कसा झालो?"

डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले. "भीती निघाली. सामना लांब होता, आणि साप गेला यावर तुमचा विश्वास होता. खालचा-वरचा फोन काही दिवस बंद राहिला. पण बेक्तुर आकेंच्या जखमेला गोष्ट सांगून चालत नाही. तिला कान नसतात."

परतीच्या वाटेवर सैराकाननं नवऱ्याला आखूड आतड्याचं सांगितलं.

एसेनगुल तिच्याकडे बघतच राहिला. "आणि तू तेव्हा गप्प बसलीस?"

"तू जेवत होतास," ती म्हणाली. "मला दुसरं काही बघायचं नव्हतं."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आता मी गाण्यातून सांगितलं तर लोक म्हणतील, अकिनाला पिल्लांनी वेडं केलं."

"सांगायचं नाहीच," सैराकान म्हणाली. "दाखवायचं. ताबीबानं धष्टपुष्ट मेंढा मागितलाय ना? देऊ."

मोठ्या विधीच्या सकाळी तिनं आपल्या कळपातला काळा मेंढा अंगणात धरला आणि मानेच्या शिरेत एक गडद निळं औषध टोचलं. बिघडलेला चारा खाऊन मेंढ्या धापा टाकू लागल्या की सगळे पशुवैद्य हेच टोचतात. जनावराला त्याचा त्रास होत नाही. वरून तर काहीच कळत नाही. पण अशा वेळी जनावर कापलं तर मांस आधी नेहमीसारखं दिसतं आणि हवा लागली की हळूहळू निळंहिरवं पडतं.

"हे मांस कुणी खायचं नाही हं," तिनं बजावलं. "कुत्र्यालासुद्धा नाही. पुरायचं."

"ते ठीक, पण हे काय!" एसेनगुल ओरडला. मेंढा शांतपणे मुतत होता, आणि मूत हिरवंनिळं होतं.

"ते... होणारच. तंबूपाशी मुतू देऊ नकोस."

"मी मेंढ्याला कसं सांगू?"

सगळ्या वाटेवर एसेनगुल मेंढ्याच्या मागच्या पायांकडे बघत चालला. गोदामापाशी मेंढ्यानं पाय फाकवलेच. एसेनगुलनं अंगावरचा कोट काढून जमिनीवर टाकला आणि "अरे बापरे, पोटात पिल्लं नाचतायत!" म्हणत त्यावर लोळण घेतली. लोकांनी हळहळून वाट करून दिली. नाटक करायची फारशी गरज नव्हतीच. भीतीनं त्याचं पोट खरोखरच नाचत होतं.

गर्दी विक्रमी होती. अकिनाच्या पोटातली पिल्लं बघायला शेजारच्या दरीतूनही माणसं आली होती. सापारबाय मेंढा घेऊन तंबूमागे गेला. कुदायबेर्गेननं आज बाहेर उघड्यावरच गालिचा अंथरला होता. एवढे प्रेक्षक आत मावले नसते.

"आज मी दाखवणार आहे," तो झग्याच्या बाह्या हलवत म्हणाला, "सापाची पूर्ण वंशावळ! शहरातले डॉक्टर नळ्या घालतात. अरे, साप काय नळीत बसून तुमची वाट बघणार आहे? साप हुशार असतो. नळी आली की तो बाजूला सरकतो! माझे सात बाप मात्र त्याला नावानं ओळखतात."

तो एकदा तंबूमागे जाऊन आला, "मेंढ्याचा जीव गेला, वाट उघडली," असं पुकारलं, आणि एसेनगुलला आडवं करून डोळ्यांवर फडकं टाकलं. एका अंगाला सैराकान बसली, नवऱ्याचं डोकं धरायला म्हणून. ताबीबानं कडू काढ्याचा वाडगा लावला. एसेनगुलनं तो ओठांवरून कानामागे जिरवला, पण वासानंच त्याला खरी ओकारी आली. ताबीब त्याच्यावर वाकला, डावी बाही त्याच्या हनुवटीवरून फिरली, उजव्या हातातला चिमटा बाहीच्या सावलीत शिरला.

"तोंडं झाका! आला!"

काळं, ओलं, वळवळणारं. हजार हात तोंडांवर गेले. चिमटा आगीकडे वळला, आणि मध्येच अडकला. सैराकाननं त्याचं मनगट धरलं होतं. तिच्या हातात खांद्यापर्यंतचा रबरी मोजा होता, गाई अडल्यावर घालतात तो.

"पोरी, सोड! तुझ्या पोटात शिरेल!"

"शिरू दे. माझा हात रोज कुणाच्या ना कुणाच्या पोटात असतो, एकदा उलटंही होऊ दे," ती म्हणाली आणि तो साप पाण्याच्या बादलीत बुडवून चोळला.

काजळी आणि चरबी पाण्यावर तरंगली. सैराकाननं हात वर केला. हातात आतड्याचा तुकडा होता, एका टोकाला दोऱ्यानं गाठ मारून डोकं केलेला. आणि उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तो निळा पडत चालला होता.

क्षणभर ताबीबही गोंधळला. पण बोलणं त्याचा धंदा होता. "निळा!" तो ओरडला. "लोकहो, हा सापांचा राजा! शंभर वर्षांत एकदा..."

तेवढ्यात तंबूमागून एक आरोळी आली आणि तिच्यामागून सापारबाय धावत आला. हातात सुरी, चेहरा चुन्यासारखा.

"दाजी! दाजी, मेंढा निळा पडला! सगळा, आतून! मी फक्त नेहमीसारखा तुकडा कापला हो, बाकी काही केलं नाही! दाजी, ह्या वेळी आपण खराच साप काढला की काय?"

मागून कुणीतरी हसलं. मग सगळे.

"नेहमीसारखा तुकडा?" उपोल आपा पुढे आल्या. त्या मात्र हसत नव्हत्या. "नेहमीसारखा कुठला तुकडा, बाबा? आण बघू बाकीचं आतडं."

ते आणलं गेलं. गालिच्यावर निळसर आतड्याचं वेटोळं पडलं, त्याच्या टोकाशी सुरीचा सरळ काप, आणि त्या कापाला सैराकाननं हातातला तुकडा लावला. निळ्याला निळं जुळलं. दोन-चार तरुण बाह्या सारून ताबीबाकडे सरकले, पण सैराकान मध्ये उभी राहिली.

"मारायचं नाही. ताबीब, पुन्हा करून दाखव. हळू."

कुदायबेर्गेननं गर्दीकडे पाहिलं, तरुणांच्या मुठींकडे पाहिलं, आणि करून दाखवलं. डाव्या बाहीच्या आत शिवलेला रबरी खिसा. तंबूमागे जाऊन येताना त्यात जाणारा ताजा, गरम, काजळीत घोळलेला तुकडा. काढा पिऊन रोगी ओकू लागला, डोळ्यांत पाणी आलं, की बाही हनुवटीखाली. तोंडं झाकायला सांगायचं म्हणजे हात गुंततात, मागे सरायला सांगायचं म्हणजे नीट दिसत नाही, फोन बंद म्हणजे पुन्हा बघता येत नाही. आणि शेवटी आग, म्हणजे काही उरत नाही. सांगताना त्याला थोडा अभिमानही वाटत असावा. बाहीची घडी कशी घालायची ते त्यानं दोनदा समजावलं.

"पण वळवळत होतं ते!" कुणीतरी अजून हट्टानं म्हणालं. "आणि अकिन बरा झाला होता, आम्ही पाहिला!"

"वळवळणारच," सैराकान म्हणाली. "आतड्याला स्वतःच्या नसा असतात. कापल्यावरही थोडा वेळ त्या काम करत राहतात. घरोघरी धुता की तुम्ही! आणि मला सांगा, लांडग्याचा वास आला की मेंढी पहिल्यांदा काय करते?"

"हगते!" मेंढपाळांनी एका सुरात उत्तर दिलं.

"रवंथ?"

"बंद!"

"ट्रकात चढवली की?"

"पातळ!"

"तेव्हा कुणी म्हणतं का, मेंढीच्या पोटात साप शिरला? भीती डोक्यात बसते आणि पोट आवळते. जनावरात आणि माणसात एवढं एक सारखंच आहे. एसेनगुलला प्रत्येक सामना म्हणजे ट्रक. ह्या ताबीबानं त्याचं ऐकून घेतलं, हात धरला, भीती घालवली, म्हणून तो काही दिवस बरा राहिला. औषध होतं ते ऐकून घेणं. साप नव्हे, मेंढा नव्हे, सात बाप नव्हेत. आणि तोच धीर बेक्तुर आकेंना दिला तेव्हा ते रक्त ओकले. कारण त्यांच्या पोटात खरी जखम होती. कुठलं दुखणं भीतीचं आणि कुठलं जखमेचं, हे बाहेरून मला कळत नाही, तुम्हाला कळत नाही, आणि ह्याला तर कळून घ्यायचंच नव्हतं."

कुणीतरी बोलावलेला पोलीस शिपाई कुदायबेर्गेनला गाडीत बसवायला आला तेव्हा ताबीबाच्या पोटात गुडगुड झाली, ती पहिल्या रांगेनं स्पष्ट ऐकली. "सोडा त्याला जरा कडेला," एसेनगुल म्हणाला. "मला माहीत आहे कसं वाटतं ते."

एसेनगुल डॉक्टर कानशायिमकडे जाऊ लागला. त्यांनी त्याला वेळेवर जेवायला सांगितलं, काळ्या चहाचे वाडगे कमी करायला लावले, आवळ आली की घ्यायची एक गोळी दिली, आणि पोटात खोल श्वास घेऊन सावकाश सोडायला शिकवला. "दुखणं एका दिवसात जाणार नाही," असंही स्पष्ट सांगितलं. "कदाचित पूर्ण जाणारही नाही. पण त्याला घाबरणं कमी झालं की ते लहान होतं."

शरदात नारीनच्या मैदानावर सामना झाला. समोर तीच तलासची पोरगी. तिनं पहिल्याच कडव्यात विचारलं, "अकिन, पळायचा रस्ता पाहून ठेवलात का?" मैदान हसलं. पहिल्या ओळीत बसलेल्या सैराकाननं नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं. ते आत-बाहेर होत होतं, सावकाश. पीळ पडलेला होता, तिला दिसत होता. बेक्तुर आके तिच्या शेजारी, हातात उकडलेल्या बटाट्याची पुरचुंडी घेऊन, ओरडत होते, "सांग तिला! सांग!"

एसेनगुलनं कोमुझ उचलला.

"रस्ता पाहिलाय ताई, डावीकडे, तिसऱ्या तंबूच्या मागे;
पळेन मी, पण परत येईन, घाबरेन तरी मन राहील जागे.
साप नव्हता, शाप नव्हता, मेंढीचं ते आतडं होतं;
भीती माझी आत होती, बाहेर नुसतं कातडं होतं.
ज्याचं दुखतं त्यानं सांगा, लाजू नका, झाकू नका;
तपासून घ्या दवाखान्यात, पण बाहीपुढे वाकू नका!"

मग त्यानं कोमुझ खाली ठेवला, लवून नमस्कार केला आणि खरोखरच तिसऱ्या तंबूमागे गेला. मैदान पाच मिनिटं हसत, टाळ्या वाजवत त्याची वाट बघत राहिलं. तो परत आला तेव्हा तलासची पोरगी उभी राहून टाळ्या वाजवत होती. सामना तिनंच जिंकला, तिची जीभ अधिक चपळ होती. पण त्या हिवाळ्यात लग्नांमधून गाणं ऐकू आलं ते एसेनगुलचं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर कानशायिम यांच्या दाराबाहेर आता बाकं कमी पडतात. मेंढपाळ येतात, मास्तर येतात, परीक्षेच्या दिवसांत पोटदुखीनं हैराण झालेल्या मुली येतात. कुणाला जखम निघते, कुणाला जंत, कुणाला नुसती काळजी. तिन्ही दुखतात, तिन्हींवर उपाय आहे, आणि कुठलं काय हे तपासल्यावरच कळतं. पोट दुखलं तर डॉक्टरांना विचारा, आणि डॉक्टर नीट ऐकत नसतील तर ऐकणारे डॉक्टर शोधा. कुणी चमत्कार दाखवू लागला, तर तोंड झाकून मागे सरू नका. डोळे उघडे ठेवून दोन पावलं पुढे जा.